केबलच्या यंत्रघरातले जेवण

शिकागो नदीच्या उत्तरेला, ला सॅल आणि इलिनॉय या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर लाल विटांची एक जुनी इमारत उभी आहे. भोवती काचेचे आणि पोलादाचे मनोरे उठले असल्यामुळे आज ती ठेंगणी वाटते. परंतु १८८७ मध्ये ती बांधली गेली तेव्हा शहराच्या उत्तर भागातल्या हजारो माणसांची रोजची ये-जा तिच्या आतल्या वाफेच्या इंजिनांवर सोपवली जाणार होती. नॉर्थ शिकागो स्ट्रीट रेलरोड या कंपनीचे ते केबल कारचे यंत्रघर होते. २०२४ पासून तिथे हॉक्समूर नावाचे मूळचे लंडनचे स्टेकहाउस, म्हणजे धगीवर भाजलेले गोमांसाचे जाड तुकडे (स्टेक) वाढणारे उपाहारगृह आहे. मी व्यवसायाने यंत्र अभियंता आहे आणि मांसाहार आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, त्यामुळे या इमारतीत जेवायला जाण्याची मला दुहेरी ओढ होती. जेवून आल्यावर मात्र त्या भिंती आणि त्या ताटातले मांस या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येईनात, आणि त्या का वेगळ्या करता येत नाहीत हेच इथे मांडायचे आहे.

प्रथम यंत्राविषयी. केबल कारच्या डब्यात इंजिन नसते. रस्त्याखाली खणलेल्या अरुंद चरातून पोलादी तारांचा पिळलेला जाड दोर अखंड फिरत असतो, रुळांच्या मधोमध असलेल्या फटीतून डब्याची पकड खाली उतरते, चालकाने दांडा ओढला की ती पकड दोराला घट्ट धरते आणि डबा दोराच्या वेगाने चालू लागतो. थांबायचे असेल तेव्हा पकड सोडायची आणि ब्रेक लावायचा. दोर मात्र थांबत नाही. तो फिरवण्यासाठी कुठेतरी एका मोठ्या घरात बॉयलर पेटलेले असावे लागतात, इंजिने धापा टाकत असावी लागतात आणि माणसाच्या उंचीहून कितीतरी मोठी चाके त्या दोराला आत ओढून पुन्हा बाहेर सोडत असावी लागतात. या पद्धतीत इंजिनाची बरीचशी ताकद माणसांना वाहून नेण्यात खर्च न होता मैलोगणती लांबीचा जड दोर ओढण्यातच खर्ची पडत असे. आजच्या हिशेबाने हा अपव्यय वाटतो; पण त्या काळात त्याला पर्याय होता तो घोड्यांचा, आणि घोड्यांचे काय होत असे ते समजल्यावर हा अपव्यय मला अजिबात खटकत नाही.

घोड्यांच्या ट्राममध्ये जनावर चार-पाच वर्षांतच निकामी होत असे. एका डब्यासाठी दिवसभरात घोड्यांच्या अनेक जोड्या बदलाव्या लागत. १८७२ च्या शरद ऋतूत घोड्यांना होणाऱ्या एका साथीच्या तापाने उत्तर अमेरिकेत धुमाकूळ घातला, तेव्हा शिकागोसह अनेक शहरांतली वाहतूक जवळजवळ ठप्प झाली. जी शहरे स्वतःला आधुनिक म्हणवत होती ती किती पूर्णपणे जनावरांच्या पाठीवर उभी होती हे त्या काही आठवड्यांत उघड झाले. सॅन फ्रान्सिस्कोने १८७३ मध्ये केबल कार सुरू केली, शिकागोने १८८२ मध्ये, आणि पाहता पाहता शिकागोतले केबलचे जाळे जगातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत गजबजलेल्या जाळ्यांपैकी एक बनले. सॅन फ्रान्सिस्कोत प्रश्न टेकड्यांचा होता. शिकागो सपाट आहे. इथे प्रश्न नदीचा होता. नदीवरचे पूल जहाजांना वाट देण्यासाठी फिरून बाजूला होत आणि अखंड फिरणारा दोर अशा पुलावरून नेता येत नाही. त्यावर तोडगा म्हणून ला सॅल रस्त्याखालचा जुना बोगदा वापरण्यात आला. हा बोगदा ४ जुलै १८७१ रोजी खुला झाला होता आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लागलेल्या महाभयंकर आगीतून जीव वाचवण्यासाठी असंख्य माणसे त्यातून नदीपलीकडे पळाली होती. १८८८ पासून त्या बोगद्यातून केबल कार धावू लागल्या. बोगद्याच्या उत्तर तोंडापासून हे यंत्रघर हाकेच्या अंतरावर आहे. इथून निघालेला दोर नदीखालून शहराच्या मध्यभागी जाई आणि फेरा पुरा करून परत इथेच येई.

हे सगळे वीसेक वर्षे चालले. विजेच्या ट्राम आल्या, त्या स्वस्त होत्या आणि त्यांना दोराचे ओझे नव्हते. ऑक्टोबर १९०६ मध्ये शिकागोची शेवटची केबल कार थांबली. यंत्रे भंगारात गेली. राहिल्या त्या भिंती, आणि त्या राहण्याचे कारण त्यांच्या जाडीत आहे असे मला वाटते. जड इंजिनांचा भार आणि त्यांचा अखंड कंप सोसण्यासाठी बांधलेले घर सहजासहजी पडत नाही आणि पाडायलाही महाग पडते. पुढच्या काळात इमारतीने अनेक धंदे पाहिले. १९९० च्या दशकात बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांच्या नावाचे उपाहारगृह इथे होते आणि त्यांच्या चाहत्यांच्या रांगा बाहेर लागत. नंतर शिकागोच्या जाड, खोलगट पिझ्झासाठी प्रसिद्ध असलेल्या एका जुन्या साखळीने इथे भट्ट्या लावल्या. २००१ मध्ये शहराने इमारतीला वारसा वास्तूचा दर्जा दिला. अशा संरक्षणाचा भर बहुधा बाहेरच्या दर्शनी रूपावर असतो. आत काय करायचे हे बरेचसे मालकाच्या आणि भाडेकरूच्या जाणिवेवर सोडलेले असते.

हॉक्समूरची गोष्ट थोडक्यात सांगण्याजोगी आहे. २००६ मध्ये विल बेकेट आणि ह्यू गॉट या दोन मित्रांनी लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात ते सुरू केले आणि जवळच असलेल्या क्राइस्ट चर्चच्या वास्तुविशारदाचे, म्हणजे निकोलस हॉक्समूर यांचे नाव त्याला दिले. पुढे शाखा काढताना त्यांनी जुन्या इमारती शोधण्याचा जणू नेमच केला. लंडनच्या सेव्हन डायल्स भागातली शाखा एका जुन्या ब्रुअरीत आहे, न्यूयॉर्कची १८९३ मध्ये धर्मादाय संस्थांसाठी बांधलेल्या युनायटेड चॅरिटीज बिल्डिंगमध्ये, तर लिव्हरपूलची शाखा इंडिया बिल्डिंग्ज या जहाज कंपनीच्या भव्य कचेरीत. मी यातली न्यूयॉर्कची शाखा पाहिली आहे. तिथली उंची आणि छताची कमान पाहून मन प्रसन्न होते, परंतु तिथे गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या जागेत आपण महागडे जेवण जेवतो आहोत ही जाणीव जेवणभर सोबत राहते. शिकागोत अशी टोचणी लागत नाही. तिथे जे जाणवते ते त्याहून खोल आहे.

स्टेकहाउसच अशा इमारतींत का येतात, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला होता. माझ्या मते त्याचे उत्तर जमाखर्चात आहे. जुन्या औद्योगिक इमारतीला तापवणे, थंड ठेवणे, तिच्या विटांची दुरुस्ती करणे, आगीपासून बचावाचे आजचे नियम तिच्यात बसवणे हे सगळे कमालीचे खर्चिक असते. कार्यालय म्हणून ती गैरसोयीची, घरे काढावीत तर आत प्रकाश कमी, आणि दुकानाला लागते त्यापेक्षा तिची उंची कितीतरी जास्त. ज्या धंद्यात गिऱ्हाईक अडीच-तीन तास बसते, एका जेवणावर भरपूर खर्च करते आणि त्या खर्चात त्याला वातावरणही हवे असते, तोच धंदा हा भार उचलू शकतो. कोळशाच्या धगीसाठी लागणारी धुराची वाट काढायलाही अशा घरात वाव असतो. पैसेवाल्यांच्या जेवणामुळे कामगारांची वास्तू वाचते, ही गोष्ट ऐकायला कडू आहे. पण वास्तू पाडून तिथे वाहनतळ करण्यापेक्षा मला ती शंभरपट स्वीकारार्ह वाटते. मुंबईत गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले ते आपण पाहिले आहे. १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांपैकी किती जणींच्या भिंती उरल्या, आणि ज्यांच्या उरल्या त्यांत जेवायला बसणाऱ्या किती जणांना तिथे कोणते खाते होते हे ठाऊक असते? फिनिक्स मिलची चिमणी अजून उभी आहे. तिच्याखाली कोण राबत होते ते सांगणारे तिच्याभोवती फारसे काही नाही.

माझ्यासोबत जेवायला माझ्या कार्यालयातले एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांचे आजोबा लिथुएनियातून आले आणि शिकागोच्या दक्षिणेकडच्या कत्तलखान्यांत, कातडी खारवण्याच्या तळघरात, उभी हयात राबले. सहकाऱ्यांना ही इमारत त्यांच्या तरुणपणापासून माहीत होती. ती पूर्वी काय होती हे मात्र त्यांना माझ्याकडून त्या संध्याकाळी कळले. मी त्यांना रस्त्यावर उभे करून बोगद्याची दिशा दाखवली, दोर कुठून बाहेर पडत असेल याचा माझा अंदाज सांगितला, आणि मगच आम्ही आत गेलो.

आत गेल्यावर प्रथम जाणवते ती उंची. आजकालच्या उपाहारगृहांत छत खाली असते आणि गोंगाट डोक्यावर आदळतो. इथे आवाज वर जाऊन विरतो आणि टेबलावरचे बोलणे टेबलावर राहते. लाकूड गडद आहे, दिवे मंद आहेत. खिडक्यांची रुंदी पाहून मला वाटले की त्या माणसांना बाहेरचे दृश्य दिसावे म्हणून कोणी ठेवलेल्या नसणार, इंजिनांच्या देखभालीला उजेड हवा म्हणून ठेवलेल्या असणार. भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर मोठ्या तुकड्यांची वजने खडूने लिहिलेली असतात: हाडासकटचा रिबआय (बरगड्यांलगतचा, पाठीकडचा तुकडा), पोर्टरहाउस, शातोब्रियाँ. एखादा तुकडा कोणी मागवला की त्याचे वजन पुसले जाते. ही पद्धत मला फार आवडली. छापील यादीवर पदार्थ अमर्याद असल्याचा भास होतो. फळ्यावर मात्र दिसते की आज इतकेच आहे, ते एका ठराविक जनावराच्या ठराविक भागातून आलेले आहे, आणि संपले की संपले.

आम्ही हाडासकटचा रिबआय दोघांत मागवला. वाढणाऱ्या मुलीने सांगितले की या तुकड्यात चरबीच्या रेषा भरपूर असल्यामुळे तो अगदी कमी शिजवण्यापेक्षा मध्यम शिजवलेला चांगला, कारण चरबीला वितळायला पुरेशी उष्णता मिळाली पाहिजे. हे खरे आहे आणि त्यामागचे शास्त्रही समजण्याजोगे आहे. पाठीच्या कण्यालगतचे स्नायू जनावर फारसे वापरत नाही, म्हणून ते मऊ असतात. खांदा, मान, पाय यांना सतत काम असते, म्हणून ते चिवट असतात आणि मंद आचेवर तासन्‌तास शिजवावे लागतात. चांगल्या स्टेकहाउसमध्ये मांस गोठणबिंदूच्या किंचित वरच्या तापमानाला, हवेशीर खोलीत, तीन-चार आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ टांगून ठेवतात. त्या काळात त्यातले पाणी उडून चव दाट होते आणि मांसातलीच विकरे स्नायूंचे धागे सैल करतात. वरचा वाळलेला थर कापून टाकावा लागतो, आणि वजनातली ही घट किमतीत धरलेली असते. नंतरचे काम कोळशाचे. पृष्ठभाग कोरडा आणि धग तीव्र असली की बाहेरची बाजू तपकिरी, खमंग होते, तोवर आतला भाग गुलाबी राहतो. मग तुकडा काही मिनिटे तसाच ठेवला की आतला रस स्थिरावतो.

पहिला घास मी मिठाखेरीज काहीही न लावता घेतला. बाहेरचा थर किंचित कडवट, धुरकट, जवळजवळ कॉफीच्या जवळ जाणारा. आत गोडसर, लोणकढी तुपाची आठवण करून देणारी चरबी. आणि मागे रेंगाळणारा एक खोल, मातकट स्वाद, जो ताज्या कापलेल्या मांसात नसतो. सोबत मलईतला पालक होता, गोमांसाच्या चरबीत तळलेले बटाटे होते, आणि त्याआधी यॉर्कशायर पुडिंग खाल्ले होते. या सगळ्यांविषयी लिहिण्याजोगे आहे, पण त्या संध्याकाळी त्यांच्याकडे माझे लक्ष कमी होते.

इथे माझ्या घराविषयी सांगणे भाग आहे. मी वांद्र्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातली. आमच्याकडे रविवारी मिस्सा झाल्यावर मांस शिजत असे, बाटली मसाला घालून, झाकण लावून, दुपारपर्यंत. तो तुकडा कधीच पाठीचा नसे; तो पायाचा किंवा मानेचा असे, आणि वेळ आणि मसाला यांनी त्याला मऊ केलेले असे. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली, म्हशीचे मांस चालू राहिले. या विषयावर माझ्या आप्तेष्टांत आणि मित्रमंडळींत टोकाची मते आहेत आणि कोणाच्याही ताटात डोकावण्याचा मला अधिकार नाही. मला जे सांगायचे आहे ते वेगळे आहे. माझी आई लहान होती तेव्हा शहराचा कत्तलखाना वांद्र्याला होता. वाऱ्याची दिशा बदलली की घराच्या खिडक्या लावून घ्याव्या लागत, असे ती सांगते. जनावरांचे कळप रस्त्याने जाताना मुलांना दिसत. मांस कुठून येते हे त्या मुलांना कोणी शिकवावे लागले नाही. मग १९७१ मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू झाला, वांद्रे बदलत गेले, आणि माझ्या पिढीला मांस प्रथम भेटले ते दुकानाच्या संगमरवरी फळीवर.

शिकागोचा युनियन स्टॉक यार्ड, म्हणजे जनावरांचा बाजार आणि कत्तलखाने यांचे प्रचंड आवार, तोही १९७१ मध्येच बंद झाला. १८६५ च्या नाताळच्या दिवशी तो उघडला होता, नऊ रेल्वे कंपन्यांनी मिळून दलदलीच्या जमिनीवर उभारलेला. पश्चिमेच्या कुरणांतून जनावरे तिथे येत आणि पूर्वेच्या शहरांना मांस जाई. सुरुवातीला जिवंत जनावरेच पुढे पाठवावी लागत. त्यांना वाटेत चारा-पाणी द्यावे लागे, ती रोडावत, काही मरत, आणि जनावराच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग खाण्याजोगा नसूनही त्याचे भाडे भरावे लागे. गुस्ताव्हस स्विफ्ट या मांसव्यापाऱ्याने १८८० च्या सुमारास बर्फाच्या कप्प्यांनी थंड ठेवलेला रेल्वेचा डबा यशस्वी करून दाखवला आणि त्यानंतर शिकागोत कापलेले मांस हजार मैलांवरच्या न्यूयॉर्क-बॉस्टनच्या स्वयंपाकघरांत पोहोचू लागले. जिवंत जनावरांच्या वाहतुकीवर कमाई करणाऱ्या रेल्वे कंपन्यांनी त्याला विरोध केला. स्थानिक खाटकांनीही केला. तो विरोध टिकला नाही.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. एकाच शहरात, एकाच दशकात, एकीकडे घोडा रस्त्यावरून नाहीसा होऊन त्याची ताकद एका यंत्रघरात गोळा केली जाते, आणि दुसरीकडे बैल न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून नाहीसा होऊन त्याचे मरण एका आवारात गोळा केले जाते. प्रवाशाला दिसतो तो आपोआप धावणारा डबा. खाणाऱ्याला दिसतो तो स्वच्छ, लाल तुकडा. दोन्ही ठिकाणी श्रम आणि जनावर एका भिंतीआड गेले आणि त्यांच्यातून निघालेला एक दोर किंवा एक थंड डबा तेवढा गावोगाव पोहोचू लागला. आजचे आपले जगणे, वीज असो, पाणी असो, दूध असो, याच आखणीवर उभे आहे. शिकागोने ती आखणी इतरांआधी आणि इतरांपेक्षा निष्ठुरपणे पूर्णत्वाला नेली. म्हणून त्या यंत्रघरात बसून स्टेक खाणे हे मला एखाद्या जुन्या राजवाड्यात बसून जेवण्यासारखे वाटले नाही. तिथे भिंत आणि ताट एकाच विचाराची लेकरे आहेत.

परंतु त्या काळच्या माणसांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. भिंतीआड गेलेले हे काम ती माणसे लपवत नव्हती. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाला आलेल्या प्रेक्षकांपैकी दहा लाखांहून अधिक लोक स्टॉक यार्ड पाहायला गेले असे सांगतात. पाहुण्यांसाठी तिथे सज्जे होते, वाटाडे होते. पुढे त्याच आवाराच्या स्टॉक यार्ड इन या हॉटेलात सरलॉइन रूम होती, जिथे गिऱ्हाईक बर्फावर मांडलेल्या तुकड्यांतून आपला तुकडा स्वतः निवडून त्यावर तापलेल्या लोखंडाने खूण उमटवीत असे. या दाखवण्यात बढाई होती, आणि कामगारांचे हाल त्या सज्ज्यांवरून दिसत नव्हते; ते १९०६ मध्ये एका कादंबरीमुळे देशापुढे आले आणि त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला. तरीही शहराला आपले पोट कशावर चालते हे ठाऊक होते. आज त्या आवाराचा चुनखडीचा दरवाजा तेवढा उरला आहे. त्याच्या मधल्या कमानीवर बैलाचे शिल्पित मस्तक आहे आणि मागच्या बाजूला १९१० च्या स्टॉक यार्डमधल्या आगीत मरण पावलेल्या २१ अग्निशामकांचे स्मारक आहे.

माझे सहकारी जेवताना बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सांगितले की त्यांच्या आजोबांनी आयुष्यात कधी रिबआय खाल्ला नाही. ते ज्या आवारात काम करीत तिथून हे तुकडे पूर्वेला जात, आणि घरी येई ते शेपटीचे आणि नळीचे सार. आजोबांचे हात मिठाने इतके फाटलेले असत की ते नातवंडांच्या गालाला हात लावीत नसत. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. आजोबांना आपण रिबआय खातो आहोत याचा आनंदच झाला असता, असे ते म्हणाले, फक्त त्यांनी कातडे कुठे गेले ते नक्की विचारले असते.

मुंबईचा धागाही इथे येतो. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली आणि ती चालवणारी स्टर्न्स अँड किट्रेज ही कंपनी अमेरिकन होती. तिच्या तबेल्यांत नऊशे घोडे होते. मुंबईने केबल कारची पायरी गाळली. घोड्यांनंतर तिथे थेट विजेची ट्राम आली, ७ मे १९०७ रोजी, म्हणजे शिकागोची शेवटची केबल कार थांबल्यावर जेमतेम सात महिन्यांनी. ते नऊशे घोडे कुठे बांधले जात, त्यांना कोण खरारा करी, म्हातारे झाल्यावर त्यांचे काय होई, हे सांगणारी एकही भिंत माझ्या पाहण्यात नाही. शिकागोत निदान भिंत आहे. ती का आहे याचे उत्तर एका महागड्या जेवणात आहे, आणि मी ते जेवण जेवले याचा मला आनंद आहे.

म्हणून जुन्या वास्तूंत निघणाऱ्या उपाहारगृहांकडून मी एक गोष्ट मनापासून मागते. विटा जपणे ही अर्धी जबाबदारी झाली. त्या विटांच्या आत कोणते काम चालत होते हे जेवणाऱ्याला ताटाइतक्याच जवळ मिळाले पाहिजे: इंजिने कुठे होती, कोळसा कोणत्या बाजूने येई, रात्रपाळीला किती जण असत, दोराचा धागा तुटून पकडीत अडकला तर डबा थांबवता न येता कसा पुढच्या डब्यांना ढकलत जाई आणि ते थांबवण्यासाठी यंत्रघराला निरोप कसा पोहोचे. ज्याला नुसते जेवायचे आहे तो हे वाचणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. पण वाचू इच्छिणाऱ्यासाठी ते तिथे असावे. त्याचप्रमाणे मांसाविषयी. आम्ही विचारल्यावर वाढणाऱ्या मुलीने जनावरे कशी पाळली जातात, काय खातात याची न कंटाळता माहिती दिली. ती तिला मनापासून सांगायची होती हे दिसत होते. विचारणारे थोडे असतात, एवढेच तिचे म्हणणे होते.

शेवटी स्टिकी टॉफी पुडिंग आले, खजुराचे, गरम, वर वितळलेली साखर आणि लोणी. सहकाऱ्यांनी रुमालावर पेनाने त्यांच्या आजोबांच्या तळघराचा नकाशा काढायला घेतला: मिठाचे ढीग इथे, कातड्यांच्या थप्प्या इथे, पाणी जाण्याची मोरी इथे. मी त्याच्या शेजारी यंत्रघराचा काढला. दोर आत कुठून येत असावा यावर आमचा थोडा वाद झाला, कारण त्यांच्या मते तो इलिनॉय रस्त्याच्या बाजूने आला असणार आणि माझ्या मते ला सॅलच्या. पुढच्या शनिवारी आम्ही शिकागो इतिहास संग्रहालयाच्या अभ्यासिकेत जाऊन कंपनीचे जुने आराखडे मागणार आहोत. स्टॉक यार्डचे तळघरही त्याच भेटीत शोधायचे आहे.